वहिनींचा हो

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तो गवंडी नव्हता, सुतारही नव्हता. तो संगणक बसवायचा, आणि त्यातही ते मोठे, कोपऱ्यात घुं घुं करत रात्रंदिवस चालू राहणारे, ज्यांना सर्व्हर म्हणतात ते. पण बिघडलेल्या यंत्राला हात लावण्याआधी तो त्याच्याकडे बराच वेळ नुसता बघत बसायचा. पडक्या भिंतीकडे गवंडी बघतो तसा. ते पाहून कुणीतरी पहिल्यांदा मिस्त्री म्हणालं असेल, आणि नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. त्याची बायको मग सगळ्यांची वहिनी झाली. दोघं जोडीनं कामाला जायची. तो पिशवी घ्यायचा, ती चष्मा.

लोकांना गंमत वाटायची. बाप्या काम करतो आणि बायको शेजारी स्टुलावर बसून ‘हो’ म्हणते, एवढंच तर दिसायचं. कुणी विचारायचं, वहिनी, तुमचं काम नेमकं काय हो? ती म्हणायची, “घरात हे माझं ऐकत नाहीत. म्हणून देवानं मला असं काम दिलं, की तिथं ऐकल्याशिवाय यांचं पान हलत नाही.”

गोष्ट खरीच होती. नवी सिस्टीम टाकायची म्हणजे जुनं घर पाडून त्याच जागेवर नवं उभं करायचं. घरी बसून पेनड्राइव्ह तयार करायचा, तो सर्व्हरला लावायचा, यंत्र चालू होता होता ठरलेली कळ दाबायची आणि त्याला सांगायचं, आज तू आपल्या पोटातलं सोड आणि या पेनड्राइव्हवरून ऊठ. ते उठतं. भाषा विचारतं, कीबोर्ड विचारतं, आणि मग विचारतं, कोणती डिस्क? तिथं सगळी मेख असते. यंत्रात एकीपेक्षा जास्त डिस्क असतात. एकीवर सिस्टीम राहते, दुसरीवर लोकांची साठवण. पडद्यावर त्या एकाखाली एक उभ्या राहतात, जुळ्या भावांसारख्या, आणि वेगळा असतो तो फक्त त्यांचा लांबलचक क्रमांक. जिच्यावर बोट ठेवाल ती पुसली जाते. यंत्र एकदा बजावतं, नक्की का म्हणून. तिथंही एंटर दाबलं की मग ते काही विचारत नाही.

मिस्त्री तरुण होता तेव्हा एकटाच जायचा. एका शिवणवर्गात त्यानं घाईत भलत्याच डिस्कवर बोट ठेवलं आणि तिथल्या बाईंनी वर्षानुवर्षं जमवलेले कापडाचे नमुने, मापं, सगळं गेलं. आकडे त्याच्या डोळ्यांपुढं घाईत जागा बदलायचे, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, पण ते कुणाला सांगायची लाज वाटायची. त्या दिवशी घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती नवी नवरी होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उद्यापासून मी येते. तुम्ही पडद्यावरचा क्रमांक मोठ्यानं वाचायचा, मी डिस्कच्या खोक्यावरच्या चिठ्ठीवर बघायचं. मी हो म्हटल्याशिवाय बोट हलवायचं नाही.

तेव्हापासून ते बोट तिच्या ‘हो’शिवाय कधी हललं नाही. आणि तिनं हो म्हटल्यावर ते कधी थांबलंही नाही.

दुसरे कारागीर अशा वेळी साठवणीच्या डिस्कची वायरच काढून ठेवतात. वायर नाही तर डिस्क दिसत नाही, दिसत नाही तर चूक होत नाही. शहाणपणाची गोष्ट आहे. मिस्त्री मात्र वायर काढायचा नाही. त्याला त्यात कमीपणा वाटायचा. म्हणायचा, ज्याच्या शेजारी कुणी बसलेलं नसतं त्यानं वायर काढावी.

तिचं विसरणं कधी सुरू झालं हे त्याला नीट सांगता आलं नसतं. आधी ती वाटेत एकाच वळणावर रोज म्हणायला लागली, हे दुकान नवीन झालंय वाटतं. मग एका छापखान्यात, जिथं ती कितीदा गेली होती, तिनं मालकाला विचारलं की तुमच्याकडं आम्ही पहिल्यांदाच आलो ना. मालक हसला, वहिनी थट्टा करतात असं त्याला वाटलं. मिस्त्रीही हसला. घरी आल्यावर तो दाराशी चपला काढत कितीतरी वेळ उभा राहिला.

लेक दुसऱ्या गावी नांदत होती. तिला फोनवर कळलं. आई एकच बातमी सांगते, फोन ठेवते आणि पुन्हा फोन करून तीच सांगते. लेक आली, आईला डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं घाबरवलं नाही आणि खोटंही सांगितलं नाही. हे हळूहळू वाढत जाईल, म्हणाला, काही दिवस अगदी लख्ख जातील, त्यांवर फार भरवसा ठेवू नका.

परत जायच्या आदल्या दिवशी लेकीनं बापाला स्वयंपाकघरात गाठलं. आई बाहेर कपडे वाळत घालत होती.

“बाबा, आईला आता कामावर नेऊ नका.”

तो कप विसळत राहिला.

“त्या डिस्कवर लोकांचं असतं काय काय. उद्या काही झालं म्हणजे?”

“तिच्याकडून हे काढून घेतलं तर तिच्याकडं राहील काय?” तो म्हणाला. “सकाळी चष्मा पुसते ना, तेव्हा ती आपली असते गं. पूर्णपणे असते.”

लेक कप पुसत म्हणाली, “निदान वायर तरी काढत जा.”

ते त्याला पटलं होतं. पुढच्याच कामाला गेल्यावर त्यानं यंत्राचं झाकण उघडलं आणि हात वायरीपर्यंत नेला. ती स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, “काय हो, वायर काढताय? माझ्यावर विश्वास उरला नाही वाटतं?” हसतच म्हणाली. त्यानं वायरीवर फुंकर मारली, धूळ होती म्हणाला, आणि झाकण लावून टाकलं. ते काम नीट पार पडलं. त्यानंतरचीही पडली. प्रत्येक वेळी तो ‘हो’ ऐकायचा आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकायचा. आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, लेक उगीच घाबरते.

गावात एक वाचनालय होतं, अंध माणसांसाठी. तिथं पुस्तकं कानानं वाचायची. लोक हौसेनं येऊन एका बंद खोलीत बसत, मोठ्यानं वाचत, आणि ते ध्वनिमुद्रण सर्व्हरवर साठवलं जाई. बाहेर बाकांवर ऐकणारे बसलेले असत, कानांवर मोठे हेडफोन लावून, मान किंचित वर करून. खोलीत इतकी माणसं आणि आवाज एकही नाही. मिस्त्रीला ती जागा फार आवडायची. तिथला सर्व्हर त्यानंच बसवला होता. ज्या डिस्कवर सिस्टीम होती ती आता कुरकुरायला लागली होती, आणि सिस्टीमही जुनी झाली होती. ग्रंथपाल बाईंनी निरोप पाठवला. मिस्त्रीनं नवी डिस्क आणली. साठवणीची होती तशीच, त्याच बनावटीची, तेवढीच मोठी. तशीच मिळाली म्हणून त्याला बरंही वाटलं.

वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं गेली. बाई दार उघडून थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवायची का? जुनी प्रत आहे, पण ती हिवाळ्याच्या आधीची. त्यानंतर पुष्कळ वाचून झालंय. पोस्टातल्या काकांनी ती मोठी कादंबरी वाचून पूर्ण केली, आणि आता तर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, बिचाऱ्यांना बोलताही येत नाही.

मिस्त्री म्हणाला, “त्या डिस्कला आपण हातच लावणार नाही, बाई. प्रत काढण्यात दिवस जाईल. तुमच्या वहिनी आहेत ना.”

बाई म्हणाल्या, “हां, वहिनी आहेत म्हटल्यावर काय.” त्या खुर्ची ओढून तिथंच बसल्या, कारण हा सोहळा बघायला त्यांना आवडायचं.

त्यानं जुनी डिस्क काढली. नवी डिस्क खोक्यातून काढून बसवली आणि रिकामं खोकं वहिनींच्या हाती दिलं. बसवताना क्रमांकाचं शेपूट त्याच्या नजरेखालून गेलं होतं. शेवटी नऊ होता. एवढं त्याला आठवत होतं. पेनड्राइव्ह लावला, यंत्र चालू केलं, कळ दाबली. पडदा काळा झाला, मग निळसर, मग एकेक प्रश्न यायला लागले. भाषा, कीबोर्ड, नेटवर्क. तो उत्तरं देत गेला. ती चष्मा पुसत होती. काच पुसून झाली की ती दोन्ही बाजूंनी उजेडात धरून बघायची, तसं तिनं आताही बघितलं, आणि खोकं मांडीवर घेऊन ताठ बसली.

डिस्कांची यादी आली. वरच्या डिस्कवर निवडीची पट्टी आपोआप उभी होती. मिस्त्रीनं क्रमांक वाचला. सावकाश, एकेक अक्षर, एकेक आकडा, तिच्या सवयीच्या चालीत. शेवटी आला चार.

“हो,” ती म्हणाली.

त्याचं बोट एंटरवर होतं. ते तिथंच राहिलं.

शेवटी चार होता. नऊ नव्हता. त्याला दिसलं होतं. पण त्याच्या डोळ्यांचं काय खरं, आकडे तर नेहमीच जागा बदलायचे, म्हणून तर ती होती. त्यानं पुन्हा वाचलं. पुन्हा चार आला.

“बघितलंस ना नीट?” त्यानं विचारलं. असं त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं.

तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी येऊन गेलं, जणू घरात कुणी अनोळखी माणूस शिरावा आणि त्यालाच आपण या म्हणावं. मग ती बाईंकडं बघून हसली.

“बघा हो बाई. आता मला परीक्षा द्यायला लावतात. हो म्हटलं ना मी.”

बाईही हसल्या. म्हणाल्या, “मिस्त्री, म्हातारे झालात. वहिनींवर शंका घेता?”

खोकं तिच्या मांडीवर होतं. हात लांब केला असता तर त्याच्या हाती आलं असतं. नुसतं वाकून बघितलं असतं तरी भागलं असतं. पण मग बाईंच्या देखत, तिच्या हातातलं खोकं घेऊन, तिला दाखवून द्यायचं की तुझं चुकलं. तुला आता चार आणि नऊ कळत नाहीत. यंत्रं बसवत ज्या बाईनं उभा जन्म त्याच्या शेजारी काढला, तिला. त्याचा हात काही उचलला गेला नाही.

यंत्रानं विचारलं, नक्की का? यावरचं सगळं जाईल.

त्यानं एंटर दाबलं. पट्टी डावीकडून उजवीकडं भरत गेली. पुढं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, त्यानं तो दिला. तोवर बाईंनी चहा आणला. वहिनींनी तो चांगला झाल्याचं सांगितलं. काम संपल्याचं पडद्यावर आलं तेव्हा त्यानं पेनड्राइव्ह काढून घेतला आणि यंत्र पुन्हा चालू होऊ दिलं. नवी सिस्टीम सुरेख उठली. तिला कसलाच दोष नव्हता. फक्त जिच्यावर पुस्तकं असायला हवी होती त्या दुसऱ्या डिस्ककडं बघितलं तेव्हा ती कोरी होती, आताच खोक्यातून काढलेली असावी तशी.

बाई म्हणाल्या, एखादं पुस्तक लावून बघा ना, काकांचंच लावा.

मिस्त्री पडद्याकडं तोंड करूनच म्हणाला, “बाई, माझं बोट चुकलं.”

त्यांना आधी समजलं नाही. समजल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या, आणि कशासाठी उठलो हे न कळून पुन्हा बसल्या. त्यांनी एवढंच विचारलं की सगळं का. तो म्हणाला, हिवाळ्याआधीचं जुन्या प्रतीत आहे. बाकीच्यातलं थोडंफार परत येईल, पण तुकडे येतील, नावाशिवाय, मागचं पुढं झालेलं. बाई बाहेरच्या रिकाम्या बाकांकडं बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “काकांना कोण सांगणार?” मिस्त्री म्हणाला, मी सांगतो.

वहिनी खोकं हातात धरून बसली होती. दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

 परत येताना ते दुकान आलं तरी ती नवीन झालंय म्हणाली नाही. पुलाच्या अलीकडं एक बुटकी भिंत होती, तिथं ती बसली. त्याला वाटलं दमली. तोही बसला.

“तुम्हाला दिसलं होतं,” ती म्हणाली.

त्यानं पिशवी पायाशी ठेवली.

“चार होता. मी नंतर बघितलं, तुम्ही चहा पीत होता तेव्हा. खोक्यावर नऊ होता. तुम्हाला दिसलं होतं, म्हणून तर विचारलंत.” तिचा आवाज लख्ख होता, पूर्वीचा होता. “मग बोट का हलवलंत?”

“तू हो म्हणालीस.”

“मी आता काहीही म्हणते. तुम्हाला माहीत आहे ते. मलाही माहीत आहे, तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही?” ती थांबली. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, तिनं त्याला जाऊ दिलं. “त्या माणसाचा आवाज गेला हो. त्याचा गळा गेला आणि आवाजपण गेला. माझं मन राखायला तुम्ही दुसऱ्याचा आवाज पुसलात. मी तुमच्या शेजारी बसत होते ती कशाला? तुमची चूक होऊ नये म्हणून. आणि तुम्ही मलाच तुमची चूक करून ठेवलंत.”

त्यानं तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही, पण तो त्याच्या हातात नुसता पडून राहिला.

“उद्यापासून मला नाही म्हणायचं,” ती म्हणाली. “मी कितीही तयार होऊन उभी राहिले तरी. कबूल?”

“कबूल.”

“तोंड वर करून सांगा.”

त्यानं तोंड वर केलं आणि सांगितलं.

पोस्टातल्या काकांकडं तो दुसऱ्याच दिवशी जाणार होता. पिशवी भरली. मेहुणी सकाळीच येऊन बसली होती, बहिणीला सोबत म्हणून. फोन करून त्यानंच बोलावलं होतं. तो दाराशी आला तर वहिनी तिथं उभी. वेणी घातलेली, बाहेरची साडी, हातात पुसलेला चष्मा. चेहऱ्यावर कालचं काही नाही. कसलाच मागमूस नाही.

“चला,” ती म्हणाली. “आज कुठं जायचंय?”

मेहुणीनं मान दुसरीकडं वळवली. मिस्त्रीनं पिशवी खाली ठेवली. त्याला वाटलं, कबूल करून घेणारी बाई वेगळी होती. ती कालच्या भिंतीवरच राहिली, आणि दिलेला शब्द आता त्याच्या एकट्याच्या पदरात आहे.

“आज नाही,” तो म्हणाला.

“का?”

“तू नाही यायचंस आता. मी एकटाच जातो.”

“का पण? काय केलं मी?” ती खरंच विचारत होती. “चुकले का कुठं?”

“नाही. माझं चुकलं.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात पहिल्यांदा घरातून बाहेर काढल्यासारखी ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

काका एका पाटीवर लिहून बोलतात. मिस्त्रीनं सगळं सांगितलं, बायकोचं नाव न घेता. काकांनी ऐकलं, पाटीवर काही लिहिलं, ते न दाखवताच पुसून टाकलं. मग त्याला चहा दिला. त्यांच्या कादंबरीचे जे तुकडे परत मिळाले ते ग्रंथपाल बाई ऐकून ऐकून लावतायत. अर्धं जमलं, अर्धं जमणार नाही. कुठं कुठं वाक्य मध्येच सुटतं, आणि ऐकणारे तिथं मान खाली घालून थांबतात.

मिस्त्री अजून कामं करतो. आता वायर काढतो, आधी प्रत काढतो, क्रमांक दोनदा वाचतो. तिथलं कुणी शेजारी असलं तर ‘बरोबर’ म्हणतं. काम चुकत नाही.

सकाळी मात्र ती रोज तयार असते. कधी दारातच हसून म्हणते, बरं झालं, मलाही आज कंटाळाच आला होता. कधी रागावते, कधी रडते, कधी विचारते की दुसरी कुणी ठेवलीत काय हो वाचायला. तो तिला रोज नाही म्हणतो, आणि ते ती रोज पहिल्यांदाच ऐकते. मेहुणी आता रोज येते, ती तिला आत घेऊन जाते. तो दार ओढून घेतो, पण लगेच जिना उतरत नाही. पिशवी घेऊन थोडा वेळ बाहेरच उभा राहतो, कारण कधी कधी ती चष्मा पुसून पुन्हा येते.